प्लमच्या झाडाला आडू: लष्करमधील एका परसातले वर्गीकरणाचे प्रकरण

प्रकरण कसे सुरू झाले

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या वाड्यांमागे जे परस उरले आहे, त्यात लिंबू, पेरू, पारिजातक आणि तुळशीवृंदावन यांपलीकडे काही असेल अशी कोणाची अपेक्षा नसते. तरीही अशाच एका परसात प्लमची दोन झाडे लावलेली होती, आणि चौथ्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांपैकी एकाला आडू, म्हणजे पीच, लागले. वाड्याचे यजमान, त्यांच्या थोरल्या भगिनी (ज्यांना सगळा वाडा आक्का म्हणतो) आणि शेजारची मंडळी यांचे एकमत झाले होते की मधमाश्यांनी कुठून तरी आडूचा पराग आणला आणि प्लमचा संकर झाला. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो असल्यामुळे 'हा संकरच ना?' एवढेच लिहून द्यावे, अशी यजमानांची विनंती होती. अशा विनंत्यांचे मूळ बहुतेक वेळा कडुनिंबाच्या खोबणीत रुजलेल्या पिंपळाइतके साधे निघते. हे प्रकरण मात्र तेवढ्यावर थांबले नाही, म्हणून ते सविस्तर नोंदवत आहे.

यजमानांनी सांगितलेला इतिहास असा. पहिले झाड लुधियानाहून आलेले कलम होते आणि त्याच्या चिठ्ठीवर 'सतलज पर्पल' हे नाव होते. फुलू लागल्यापासून ते दर फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांनी भरून जाई, पण वाटाण्याएवढी दोन-चार फळे धरून तीही गळून पडत. एका रोपविक्रेत्याने सल्ला दिला की प्लमला जोडीदार लागतो, म्हणून शेजारी दुसरा प्लम लावावा. त्यानुसार आक्कांच्या धाकट्या भावाने हिमाचलातून दुसरे रोप आणले. त्यावर 'आलूबुखारा, युरोपियन' एवढेच लिहिलेले होते. ते जगले, पण त्याला कधी एकही फूल आले नाही. याच सुमारास पहिल्या झाडाच्या बुंध्यापासून एक जोमदार फांदी निघाली. झाड आता भरते आहे असे समजून यजमानांनी ती वाढू दिली, आणि लवदार, तांबूस-पिवळी फळे आली ती त्याच फांदीला.

तपासणी

मी गेलो तेव्हा फळे संपली होती. आक्कांनी मात्र कोयी धुऊन, वाळवून एका बरणीत ठेवल्या होत्या आणि या प्रकरणातला सर्वांत विश्वासार्ह पुरावा तोच ठरला. प्लमची कोय चपटी, कडेला धार असलेली आणि पृष्ठभागाने गुळगुळीत किंवा किंचित खरबरीत असते. बरणीतल्या कोयींवर खोल खाचा आणि छिद्रे होती, जशी आडूच्या कोयीवर दिसतात. पानांनीही तीच साक्ष दिली: वादग्रस्त फांदीची पाने लांब, अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी होती, तर वरच्या झाडाची पाने आखूड आणि टोकाकडे रुंद होती. फुले आक्कांना आठवत होती. खालच्या फांदीवर ती गुलाबी, एकेकटी आणि जवळजवळ बिनदेठाची होती. वर पांढरी, देठाची आणि दोन-तीनच्या झुबक्यात होती. याचा अर्थ ती फांदी निर्भेळ आडूची होती. त्या दोन वनस्पतींचे मिश्रण कोणत्याही अवयवात दिसत नव्हते.

माती थोडी उकरल्यावर उलगडा झाला. ज्या जागी डोळा भरला होता, म्हणजे प्लमचे कलम जोडले होते, तिथली गाठ जमिनीपासून चार बोटे वर स्पष्ट दिसत होती, आणि आडूची फांदी त्या गाठीच्या खालून निघालेली होती. उत्तर भारताच्या मैदानात प्लमची कलमे आडूच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या खालच्या भागावर, बांधण्याची पद्धत जुनीच आहे. वरचा प्लम आणि खालचा आडू ही दोन वेगळी झाडे एकाच मुळावर जगत असतात; त्यांच्या ऊती जुळतात, रस वाहतो, पण आनुवंशिक द्रव्य मिसळत नाही. खुंटाला फुटवा आला, तो कोणी काढला नाही, आणि काही काळाने त्या खुंटाने आपले मूळ फळ दिले. यात संकर कुठेही नव्हता.

'पण मधमाशीने पराग आणलाच असेल तर?' हा यजमानांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर वर्गीकरणाइतकेच महत्त्वाचे आहे. प्लम-आडूसारख्या फळांची साल, गर आणि कोयीचे कठीण कवच हे सर्व फळ धरणाऱ्या फुलाच्या बीजकोशाच्या भिंतीपासून बनते. पराग कोणाचाही असो, प्लमच्या फुलातून प्लमचेच फळ तयार होते. परागाचा वाटा असतो तो कोयीच्या आतल्या बीमध्ये. म्हणून खरा संकर झालाच असता तर तो त्या वर्षीच्या फळात दिसला नसता. ती बी पेरून उगवलेल्या झाडाला फळे आली असती तेव्हाच त्याचा चेहरा कळला असता. फांदीवर एका हंगामात लव उगवणे हा संकराचा पुरावा तर नाहीच, उलट तो संकर नसल्याचा पुरावा आहे.

दुसरा प्रश्न: जोडीदार का चालला नाही

संकराचा निकाल एका भेटीत लागला. खरे अवघड काम पुढे होते, कारण यजमानांना फळ हवे होते. विक्रेत्याचा सल्ला शब्दशः बरोबर होता, 'सतलज पर्पल'ला जोडीदार लागतोच. चूक अशी झाली की बाजारात 'प्लम' या एका शब्दाखाली ज्या वनस्पती विकल्या जातात, त्या परस्परांच्या जोडीदार असतीलच असे नाही.

प्रुनस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, गुलाबाच्या कुळातली आहे, आणि प्लम, जर्दाळू, आडू, बदाम, चेरी ही सारी तिच्यात येतात. हे एकत्रीकरण एकमताने झालेले नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर यांनी १७०० च्या सुमारास प्लम, जर्दाळू, आडू, बदाम आणि चेरी यांना वेगवेगळ्या प्रजाती मानले होते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ मध्ये प्लम, जर्दाळू आणि चेरी यांना प्रुनसमध्ये आणले, पण आडू आणि बदाम यांना अमिग्डालस या वेगळ्या प्रजातीत ठेवले. आडूला प्रुनस पर्सिका हे आजचे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बात्श यांनी १८०१ मध्ये दिले, आणि त्या नावातला इराणही फसवाच आहे, कारण आडू मूळचा चीनचा. वनस्पतिशास्त्रज्ञ रेडर यांनी १९४० मध्ये या प्रजातीचे पाच उपविभाग केले, ज्यांत प्लम-जर्दाळू एकात आणि आडू-बदाम दुसऱ्यात होते. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी हे दोन्ही गट पुन्हा एका उपविभागात जवळ आणले आहेत. आडूच्या खुंटावर प्लमचे कलम धरते, या माळ्यांच्या जुन्या अनुभवाशी हे सुसंगत आहे.

इथे एक गंमत नोंदवल्यावाचून राहवत नाही. फारसीत 'आलू' म्हणजे प्लम. त्यावरून बुखाऱ्याचा तो आलूबुखारा, पिवळा तो जर्द-आलू म्हणजे आपला जर्दाळू, आणि आडू तो शफ्तालू. ज्यांनी ही नावे दिली त्यांना या तिन्ही फळांचे नाते कोणत्याही ग्रंथाशिवाय दिसले होते. आमच्या ग्वाल्हेरच्या हिंदीत मात्र लहान मुले आलूबुखारा म्हणजे ताप आलेला बटाटा समजतात, आणि यजमानांचा नातूही त्याला अपवाद नव्हता.

त्याच नातवाने मोबाईलवर शोध घेऊन गोंधळात भर घातली होती. 'इंडियन प्लम' शोधल्यावर त्याला बोर दिसले, 'जावा प्लम' शोधल्यावर जांभूळ, आणि 'मायरोबलन' शोधल्यावर हिरडा. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. इंग्रजीत प्लम हा शब्द कोणत्याही रसाळ, एका कोयीच्या लहान फळाला सैलपणे लावला जातो. बोराचे कुळ वेगळे, जांभळाचे वेगळे, आणि दोघांचाही प्रुनसशी संबंध नाही. मायरोबलन हे नाव मात्र दोन ठिकाणी चालते: औषधातला हिरडा आणि प्रुनस सेरासिफेरा हा लहान फळाचा प्लम. कोणत्या दुकानात उभे आहोत यावर त्याचा अर्थ ठरतो.

खाण्याच्या प्लममध्ये व्यवहारात दोन जाती महत्त्वाच्या आहेत, आणि या परसात त्या दोन्ही समोरासमोर उभ्या होत्या. पहिली प्रुनस सॅलिसिना, जिला जपानी प्लम म्हणतात; 'सतलज पर्पल' याच गटातला. तीही मूळची चीनची. जपानी हे विशेषण चिकटले, कारण नवे वाण तयार करणारे अमेरिकी बागाईतदार ल्यूथर बरबँक यांनी १८८५ मध्ये तिची रोपे जपानहून कॅलिफोर्नियात मागवली आणि तिथून ती जगभर गेली. हिमाचलच्या बागांत सर्रास दिसणारा 'सँटा रोझा' हा वाण त्यांच्याच हातचा. सॅलिसिना म्हणजे विलोच्या झाडासारख्या पानाची. कलकत्त्याच्या उद्यानाचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी याच जातीला ट्रायफ्लोरा, म्हणजे त्रिपुष्पी, म्हटले होते. ते नाव आज समानार्थी म्हणून मागे पडले असले तरी एका कळीतून तीन फुले ही ओळखीची खूण त्यात पक्की बसली आहे, आणि मला स्वतःला ते नाव अधिक आवडते. दुसरी जात प्रुनस डोमेस्टिका, युरोपियन प्लम. तिची पाने जाड, सुरकुतलेली, खालून लवदार. फळ बहुधा लांबट आणि निळसर-जांभळे. जे वाण साखर जास्त असल्यामुळे कोयीसकट न आंबता वाळतात त्यांना प्रून म्हणतात, म्हणजे प्रून ही वेगळी जात नसून डोमेस्टिकातलाच एक उपयोगाचा वर्ग आहे.

दोन्ही जातींतला खरा भेद पानाफुलांच्या मागे, पेशीत आहे. प्रुनसमध्ये गुणसूत्रांचा मूळ संच आठांचा. सॅलिसिनात असे दोन संच, म्हणजे सोळा गुणसूत्रे. सेरासिफेरा, आडू आणि जर्दाळू यांतही सोळाच. युरोपातल्या रानातला काटेरी प्रुनस स्पिनोसा याच्यात चार संच, म्हणजे बत्तीस. आणि डोमेस्टिकात सहा संच, म्हणजे अठ्ठेचाळीस. हा षट्गुणित प्लम आला कुठून, यावर ब्रिटिश शास्त्रज्ञ क्रेन आणि लॉरेन्स यांनी मांडलेली उपपत्ती अशी की स्पिनोसाची सोळा आणि सेरासिफेराची आठ गुणसूत्रे एकत्र येऊन चोवीस झाली आणि पुढे ती दुप्पट होऊन अठ्ठेचाळीस झाली. सोव्हिएत शास्त्रज्ञ रिबिन यांनी १९३६ मध्ये या दोन जातींच्या संकरातून अठ्ठेचाळीस गुणसूत्रांचे झाड मिळवून दाखवले, तेव्हा ही उपपत्ती पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. नंतरच्या अभ्यासांत चित्र थोडे गुंतागुंतीचे झाले, कारण खुद्द स्पिनोसातही सेरासिफेराचा अंश असल्याचे संकेत मिळाले. हा तपशील यजमानांना सांगताना मी एवढेच म्हटले की त्यांच्या परसातला दुसरा प्लम हाच खरा संकराचा वंशज आहे, आणि ते मिश्रण फार पूर्वीच घडून गेलेले आहे. आक्कांना हे फार पटले नाही. त्यांच्या मते संकर म्हणजे काहीतरी नवे आणि संशयास्पद असायला हवे.

डोमेस्टिकाच्या परागकणात चोवीस गुणसूत्रे असतात, सॅलिसिनाच्या बीजांडात आठ. या दोन जातींचे संकर प्रयत्नपूर्वक करता येतात, पण बागेत एकाने दुसऱ्याचे फळ धरवावे इतके ते सहज होत नाही. शिवाय सॅलिसिना आधी फुलते आणि डोमेस्टिका नंतर. आमच्या प्रकरणात तर तेवढेही तपासण्याची वेळ आली नाही, कारण दुसरे झाड फुललेच नव्हते. डोमेस्टिकाच्या बहुतेक वाणांना कळ्यांची झोप मोडण्यासाठी सुमारे सात अंशांखालच्या थंडीचे सातशे ते हजार किंवा अधिक तास लागतात. ग्वाल्हेरला जानेवारीत रात्री पारा तिथवर उतरतो खरा, पण दुपारी तो विशीच्या पुढे जातो आणि फेब्रुवारी संपताच थंडी संपते. त्या झाडाची पालवी दरवर्षी उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी फुटत होती, अर्धी फांदी हिरवी आणि अर्धी काडी, आणि अपुऱ्या थंडीचे हे नेमके लक्षण आहे.

राहिला तिसरा पर्याय, ज्याची यजमानांनी आठवण करून दिली: आडूची फांदी तर त्याच सुमारास फुलत होती, तिची गुणसूत्रेही सोळाच, मग तिने फळ का धरवले नाही? संख्या जुळली म्हणून काम होत नाही. प्लममधील स्वतःचा पराग नाकारण्याची व्यवस्था एका विशिष्ट जनुकस्थानावर चालते: परागावरची खूण आणि स्त्रीकेसरातली खूण एकच असेल तर परागनलिका वाटेतच थांबते. म्हणून 'सतलज पर्पल' स्वतःच्या परागाने फळत नाही. आडूबाबत अडथळा वेगळा आहे. तो परका असल्यामुळे त्याचा पराग क्वचितच शेवटपर्यंत पोहोचतो. जोडीदार हवा तो जातीने जवळचा आणि खुणेने वेगळा. सोयरीक जुळवताना आपल्याकडे गोत्र वेगळे आणि घराणे ओळखीचे पाहत, त्यासारखेच हे आहे, असे आक्का म्हणाल्या. वर्गात वर्षानुवर्षे मी जे समजावत आलो त्यापेक्षा हे उदाहरण चांगले होते.

खऱ्या संकरांविषयी थोडे

यजमानांच्या मनात शंका उरू नये म्हणून प्लम आणि त्याच्या भावंडांतले खरे संकर कसे असतात हेही मी लिहून दिले. सेरासिफेरा आणि जर्दाळू यांच्यापासून झालेल्या काळ्या जर्दाळूचे नाव प्रुनस × डॅसिकार्पा असे लिहितात. मधले गुणाकाराचे चिन्ह हीच संकराची अधिकृत खूण. त्याच्या फळावर बारीक लव असते, पण रंग प्लमचा असतो, म्हणजे दोन्ही बाजू एकाच फळात दिसतात. बरबँक यांनी प्लम आणि जर्दाळू यांचा थेट संकर करून त्याला प्लमकॉट म्हटले. पुढे कॅलिफोर्नियातले फ्लॉइड झायगर यांनी अशा संकरांचा पुन्हा प्लमशी संबंध जुळवत प्लुओट नावाची फळे बाजारात आणली. प्लुओट हे व्यापारी नाव आहे, वनस्पतिशास्त्रीय नाही, आणि त्याच्याखाली अनेक वाण विकले जातात. सॅलिसिनाचे म्हणून विकले जाणारे पुष्कळ वाणही शुद्ध नाहीत. 'सँटा रोझा'च्या वंशात इतर जातींचे रक्त असल्याचे मानले जाते. म्हणून वाणाच्या पाटीवर जातीचे नाव ठामपणे लिहिण्याआधी मी नेहमी थांबतो आणि वाणाचे नाव एकेरी अवतरणात तेवढे लिहितो.

काय केले

पहिल्या झाडाची आडूची फांदी बुंध्याशी छाटली. यजमानांना ती तोडणे जिवावर आले, कारण चार वर्षांत फळ दिले ते तिनेच. पण खुंटाचा फुटवा वरच्या कलमाचा जोम ओढून घेतो आणि दोन-चार हंगामांत वरचे झाडच खंगते. जोडीदारासाठी नवे झाड लावायला परसात जागा नव्हती. 'काला अमृतसरी' हा सॅलिसिना गटातला, कमी थंडीत फुलणारा वाण पंजाबात 'सतलज पर्पल'चा परागदाता म्हणून लावला जातो. त्याच्या काड्या जानेवारीत, झाड झोपेत असताना, मागवून 'सतलज पर्पल'च्याच एका फांदीवर पाचर कलमे बांधली. चारांपैकी तीन धरली. आता एका आडूच्या मुळावर दोन प्लम वाढू लागले, आणि या वेळी सगळ्यांना ते माहीत होते.

दुसऱ्या फेब्रुवारीत नव्या फांदीवर थोडी फुले आली, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात आक्कांनी मोजलेली एकतीस फळे मिळाली. पोपटांनी नेली ती वेगळी. हे यश संपूर्ण परागदात्याचे, असे मी लिहिणार नाही. त्या वर्षी फुलोऱ्याच्या काळात पाऊस नव्हता आणि शेजारच्या मोहरीमुळे मधमाश्याही भरपूर होत्या.

हिमाचलचे झाड मी काढून टाकायला सुचवले होते. आक्कांनी नकार दिला, भावाने आणलेले झाड तोडायचे नाही. त्याला मी 'प्रुनस डोमेस्टिका, वाण अज्ञात' अशी पाटी लावली आहे. पानांवरून जातीची खात्री आहे. पण फूल आणि फळ पाहिल्याशिवाय वाणाचे नाव देणे मला योग्य वाटत नाही, आणि ग्वाल्हेरच्या हवेत ते कधी दिसेल असेही वाटत नाही.

एकतीस फळांच्या कोयींपैकी दहा आक्कांनी ओल्या वाळूत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन महिने ठेवल्या, कारण प्लमच्या बीलाही रुजण्याआधी थंडी लागते. त्यांतल्या दोन उगवल्या. त्या कुंड्यांवर मी 'सतलज पर्पल' × 'काला अमृतसरी', परागदाता गृहीत, असे लिहिले आहे. ही दोन रोपे एकाच जातीच्या दोन वाणांमधली आहेत, त्यामुळे त्यांना डॅसिकार्पासारखे जातिसंकराचे नाव मिळणार नाही. परसात संकर झाला असे शेजाऱ्यांनी आता म्हटले तर माझी हरकत नाही. खालचा आडू अजून दर पावसाळ्यात एखादा फुटवा काढतो, आणि यजमान तो नखाने खुडून टाकतात.